बाटली, पातेलं आणि हंडाभर पाणी

बारामतीच्या कसब्यातल्या जुन्या घरांत, फडताळाच्या कोपऱ्यात, अजूनही कधीमधी एक वस्तू सापडते. तळहातात मावेल एवढी वाटी आणि तिला पुढे काढलेली पन्हळीसारखी चोच. कुणाकडे चांदीची, कुणाकडे काशाची, कुणाकडे कल्हई केलेली पितळेची. हिला बोंडलं म्हणतात. आजच्या सुनांना हे नाव सांगावं लागतं. आईला दूध कमी पडलं, आई आजारी झाली किंवा बाळंतपणात गेलीच, तर बाळाला वरचं दूध पाजायचं ते या बोंडल्यानं. बाळाचं डोकं हाताच्या खोबणीत घ्यायचं, चोच ओठांच्या कडेला टेकवायची आणि थेंब थेंब सोडायचा.

'वरचं दूध' हा शब्द मला कवी म्हणून फार आवडतो. बाळ 'अंगावर पितं' ते एक दूध, आणि बाकी जगातलं सगळं दूध म्हणजे वरचं. गाईचं, शेळीचं, डब्यातलं, कुणाचंही. आपल्या बायकांनी दोन शब्दांत ही सीमारेषा आखून ठेवली आहे. ती ओलांडताना काय सांभाळावं लागतं, याची गोष्ट मला आज सांगायची आहे. बाळाची बाटली धुण्या-उकळण्याला कसला आलाय इतिहास, असं कुणी म्हणेल. पण मंडळी, लढायांच्या इतिहासात जेवढी माणसं मोजली जातात, तेवढी बाळं या एका कामातल्या त्रुटीपायी गेली असतील. ती मोजायला मात्र कुणी बखरकार बसला नव्हता.

वरचं दूध पाजण्याची गरज फार जुनी. आपल्या वाग्भटानं आईचं दूध नसेल तर शेळीचं किंवा गाईचं द्यावं, असं सांगून ठेवलं आहे. २०१९ साली जर्मनीतल्या बव्हेरियात लहान मुलांच्या तीनेक हजार वर्षांपूर्वीच्या दफनांमध्ये सापडलेली चोचीची मातीची भांडी शास्त्रज्ञांनी तपासली, तर त्यांच्या आत जनावरांच्या दुधाच्या स्निग्धांशाच्या खुणा निघाल्या. म्हणजे बोंडल्याची भावंडं जगभर होती. दुसरी वाट होती दूधआईची. आम्हा मुसलमानांत तर हा नात्याचा मामला. हजरत पैगंबरांना वाळवंटातल्या हलीमा दाईंनी दूध पाजलं. जिचं दूध प्यायलं ती आई, तिची मुलं ती दूधभावंडं, त्यांच्यात लग्न होत नाही. कुराणात आईनं दोन वर्षं पाजावं असं आहे, आणि दाई ठेवली तर तिचा मोबदला रीतसर द्यावा, असंही आहे. दूध पाजणं हे कष्टाचं काम आहे आणि त्याला दाम आहे, हे तिथं किती सहज मान्य केलेलं आहे!

बाटली आली ती एकोणिसाव्या शतकात. काच स्वस्त झाली, रबर हाताशी आलं. १८४५ साली अमेरिकेत रबराच्या चोखणीचं, म्हणजे आपल्या निपलचं, पेटंट घेतलं गेलं. मग इंग्लंडात एक नवी तऱ्हा निघाली. चपटी बाटली, तिच्या बुचातून निघणारी रबराची लांब नळी, आणि नळीच्या टोकाला निपल. बाटली पाळण्यात ठेवली की बाळ आपलं आपण चोखत राही आणि आई कामाला मोकळी. ती घराघरांत पोचली यात नवल नाही. पण त्या नळीच्या आत हात जात नव्हता, ब्रशही जात नव्हता. आतल्या भिंतीला दूध चिकटून आंबे, आणि दर खेपेला ताजं दूध त्या आंबलेल्या नळीतूनच बाळाच्या पोटात जाई. लोकांनी पुढे त्या बाटल्यांना 'खुनी बाटल्या' असं नाव ठेवलं. फ्रान्सनं १९१० साली अशा लांब नळीच्या बाटल्यांवर कायद्यानं बंदी घातली.

दरम्यान पाश्चरनं जंतूंची गोष्ट जगाला पटवली होती. १८८६ साली फ्रान्झ फॉन सॉक्सलेट या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं बाळाचं दूध घरीच निर्जंतुक करायची रीत मांडली. दिवसभराच्या दुधाच्या लहान लहान बाटल्या भरायच्या, एका खेपेला एक अशा, आणि त्या झाकणाच्या पातेल्यात पाण्यात उभ्या करून उकळायच्या. आज आपल्या स्वयंपाकघरात बाटल्यांचं पातेलं गॅसवर चढतं, त्याचं मूळ इथं कुठंतरी आहे.

पण यातली एक गोष्ट आपल्याकडे कुणी नीट सांगितलीच नाही. युरोप-अमेरिकेत गरिबांच्या बाळांसाठी हे काम पहिल्यांदा घरातल्या बाईवर टाकलेलं नव्हतं. न्यूयॉर्कमध्ये १८९३ साली नेथन स्ट्रॉस या व्यापाऱ्यानं दुधाची केंद्रं काढली. फ्रान्समध्ये फेकां गावी डॉ. लेओं द्यूफूर यांनी १८९४ साली 'दुधाचा थेंब' या नावाची संस्था सुरू केली. तिथं आईला दिवसभराच्या भरलेल्या, निर्जंतुक केलेल्या बाटल्या मिळत. रिकाम्या बाटल्या दुसऱ्या दिवशी परत न्यायच्या. घासणं, उकळणं हे केंद्राचं काम. आईनं फक्त पाजायचं.

आपल्याकडे बाटली आली, पण तिच्यामागचं ते केंद्र आलं नाही.

मुंबईची त्या काळातली स्थिती ऐकून अंगावर काटा येतो. १९२१ साली मुंबई शहरात नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे साडेसहाशेहून अधिक तान्ही मुलं वर्ष पुरं करायच्या आत गेल्याची नोंद आहे. सगळे जन्म नोंदले जात नव्हते, म्हणून आकडा फुगलेला असणार. पण अर्धा करून वाचला तरी तो वाचवत नाही. गिरणीत जाणाऱ्या बायका पाठीमागं बाळ झोपून राहावं म्हणून त्याला अफूची बाळगोळी देत. अशा घरात वरच्या दुधाचं भांडं कोण आणि कधी उकळणार होतं?

आमच्या भागात याच सुमारास दुसरंच काही घडत होतं. १८८५च्या सुमारास नीरेचा डावा कालवा सुरू झाला. बारामती-इंदापूरच्या माळावर पाणी फिरलं, ऊस उभा राहिला. १९३०च्या दशकात वालचंद हिराचंदांनी इंदापूर तालुक्यात कळंबच्या रानात साखर कारखाना उभारला आणि वालचंदनगर वसलं. कारखान्याचं गाव म्हणजे चाळी, बंगले, नळ, दवाखाना. बाटली आणि दुधाच्या भुकटीचा डबा जगात सगळीकडे आधी अशाच ठिकाणी पोचला, जिथं नळ होता आणि भांडी घासायला माणूस होतं.

मग भुकटी देशातच तयार होऊ लागली. म्हशीच्या दुधाची भुकटी होऊच शकत नाही, असं परदेशी तज्ज्ञ सांगत. आणंदच्या ह. मे. दलाया यांनी ती करून दाखवली. १९५५ साली अमूलच्या कारखान्याचं उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते झालं. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संस्थेनं म्हशीच्या दुधापासून बाळांसाठी भुकटी करायची पद्धत बसवली आणि १९६०च्या दशकात तो डबा तालुक्याच्या बाजारपेठेत येऊन बसला. बारामतीच्या दुकानांत फळीवर डबा, शेजारी काचेची बाटली, निपलची पाकिटं. डब्यावर चित्रं. हात धुणारी बाई, उकळणारं पातेलं, बाटलीत घालायचं मोजलेलं माप. चित्रातल्या बाईच्या मागं नळ असे. हा नळ कुणाच्या घरातला, हे डबा सांगत नसे.

आमच्या घरात बाटली आली ती १९७६ साली. माझ्या पाठची बहीण तीन महिन्यांची असताना अम्मीला टायफॉइड झाला. डॉक्टरांनी वरचं दूध सांगितलं. मी तेव्हा शाळेत नुकताच जाऊ लागलो होतो, आणि बाटली उकळण्याचा तो विधी माझ्या डोळ्यांपुढे जशाच्या तसा आहे. नानी इंदापूरहून आली होती. अल्युमिनियमचं पातेलं निराळं काढलं गेलं, त्यात कालवणाचा हात लागू द्यायचा नाही. पातेल्याच्या तळाशी धुतलेल्या धोतराचं फडकं घालायचं, म्हणजे काच तडकत नाही. गार पाण्यातच बाटली सोडायची, उकळत्या पाण्यात नाही. वातीच्या स्टोव्हवर पातेलं चढलं की आम्हा मुलांना लांब बसवलं जाई.

शेजारी एक गवळणकाकू होत्या. त्यांनी पहिल्याच दिवशी नानीला टोकलं. नानी बाटली थेट गरम पाण्यानं धूत होती. काकू म्हणाल्या, "आवो, आधी गार पाण्यानं इसळा, मग ऊन पाणी घ्या. उलटं केलं की दूध भांड्याला चिकाटतं." त्यांना हे कुणी शाळेत शिकवलं नव्हतं. पण शास्त्र अगदी हेच सांगतं. दुधातली प्रथिनं उष्णतेनं गोठतात आणि भांड्याला धरून बसतात, जंतूंना घर होतं. आधी गार किंवा कोमट पाण्यानं दूध काढून टाकायचं, मग साबण आणि ब्रश, मग उकळी. न घासलेली बाटली कितीही उकळली तरी चिकटलेल्या सायीच्या आड जंतू लपून राहू शकतात. लोक उकळण्यावर भर देतात आणि घासण्यात उरकतात. मला विचाराल तर निम्मी लढाई घासण्यातच आहे.

माझी बहीण वाढली, शिकली, आज तिला नातू आहे. आमच्या घरात नगरपालिकेचं पाणी येत होतं, रेशनचं रॉकेल मिळत होतं आणि नानीसारखं एक माणूस पूर्णवेळ त्या बाटलीच्या मागं उभं होतं.

माझी धाकटी खाला इंदापूर तालुक्यात, कालव्याच्या शेपटाकडच्या एका गावात दिली होती. त्या भागातली बावीस गावं पाण्यासाठी वर्षानुवर्षं झगडत आली, हे वर्तमानपत्र वाचणाऱ्यांना ठाऊक आहे. कालव्याचं आवर्तन यायचं तेव्हा यायचं. विहिरीनं चैत्रात तळ गाठला की दीड मैलावरून डोक्यावर घागरी. खालाला दूध कमी होतं. तिच्या नवऱ्यानं हौसेनं बारामतीहून डबा आणि बाटली नेली. नानी वरूनच सांगून गेली होती, दर वेळी उकळ.

आता आपण जरा हिशेब मांडू. तान्हं बाळ दिवसाकाठी आठ वेळा तरी दूध घेणार. घरात दोन बाटल्या असल्या तरी चार वेळा पातेलं चढवायचं. बाटल्या पूर्ण बुडायला दर वेळी तीनेक लिटर पाणी, म्हणजे झाली एक घागर. घासायला-विसळायला दुसरी. प्यायच्या दुधाचं पाणी उकळून ठेवायचं ते निराळं. चुलीवर पाणी उकळायला आणि मग दहा मिनिटं खळखळू द्यायला अर्धा तास धरला, तर रोज दोन तासांचा जाळ. पाचट भुरकन जळून जातं, बाभळीचं सरपण वेचून आणायचं. एवढं सगळं त्या बाईनं करायचं, जी सकाळी खुरपायला गेली तरच घरात भाकरी.

खालाचा मुलगा वैशाखात हगवणीनं गेला. पाच महिन्यांचा होता. आधी नजर लागली म्हणाले. मग कुणीतरी शिकलेल्या पाहुण्यानं बाटलीकडे बोट दाखवलं, आणि नंतर आयुष्यभर तिच्या पाठीमागं एक वाक्य राहिलं: "हिनं बाटली नीट उकळली नाही." तिला पुढे तीन मुलं झाली, तिघं अंगावर वाढली. पण घरात कुणाचं बाळ रडलं की ती उठून आत जायची. मी इतिहासाची पुस्तकं चाळायला लागलो त्याला हे एक कारण आहे. तिच्यावर ठेवलेला दोष मला कधी पटला नाही.

तो पटला नाही असे लोक जगात पुष्कळ निघाले. डॉ. सिसिली विल्यम्स यांनी १९३९ सालीच सिंगापूरच्या रोटरी क्लबात गोड्या आटीव दुधाच्या प्रचाराला खुनाची उपमा देऊन भाषण केलं होतं. १९७४ साली लंडनहून 'बेबी किलर' नावाची पुस्तिका निघाली. जिथं स्वच्छ पाणी नाही, सरपण नाही, डब्यावरचं वाचता येत नाही आणि डबा पुरवावा म्हणून भुकटी पातळ करून पाजावी लागते, तिथं ती विकू नका, हे तिचं सांगणं. १९७७ साली अमेरिकेत नेस्ले कंपनीवर बहिष्कार सुरू झाला. मे १९८१मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेनं आईच्या दुधाच्या पर्यायांच्या विक्रीसाठी आचारसंहिता मंजूर केली. तिच्या विरोधात एकच मत पडलं, अमेरिकेचं. आपल्याकडे १९९२ साली संसदेनं कायदा केला, तो १ ऑगस्ट १९९३पासून लागू झाला आणि २००३ साली आणखी कडक झाला. या कायद्यानं बाळाच्या भुकटीची आणि बाटलीचीही जाहिरात बंद केली. डब्यावर गुबगुबीत बाळाचं चित्र छापता येत नाही, आईचं दूधच सर्वोत्तम असं ठळक लिहावं लागतं. तरुण वाचकांना टीव्हीवर दुधाच्या बाटलीची जाहिरात का दिसत नाही, याचं उत्तर हे.

आज बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत दुधाचे मोठे प्रकल्प आहेत. १९६७ साली उरुळीकांचनला मणिभाई देसाईंनी 'बायफ'ची स्थापना केली, संकरित गाई आल्या, आणि आमच्या दोन्ही तालुक्यांत दूध हे उसाइतकंच नगदी पीक झालं. दुधाच्या कारखान्यात पाइप आणि टाक्या कशा धुतात, हे एकदा समजून घ्यावं. आधी साध्या पाण्यानं दूध वाहून काढतात. मग गरम कॉस्टिक सोडा फिरवतात, त्यानं स्निग्धांश आणि प्रथिनं सुटतात. मग सौम्य आम्ल, त्यानं क्षारांचा थर जातो. शेवटी निर्जंतुक करायला गरम पाणी. हे सगळं बॉयलर, पंप आणि घड्याळावर चालतं. गवळणकाकूंचाच क्रम आहे हा! फक्त काकूंकडे बॉयलर नव्हता.

आम्लावरून आठवलं. कालव्यानं आम्हाला पाणी दिलं तसं मीठही दिलं. नीरा खोऱ्यातल्या खारावलेल्या जमिनींवर हॅरल्ड मान आणि तम्हाणे यांनी १९१०च्या सुमारासच पुस्तिका लिहिली होती. बोअरचं जड पाणी उकळलं की पातेल्याला आणि बाटलीला पांढरा थर धरतो. पुष्कळ आया त्याला घाबरतात. तो चुन्याचा थर असतो, जंतू नव्हे. पण खडबडीत थरात दूध अडकतं, म्हणून आठवड्यातून एकदा लिंबू किंवा व्हिनेगर घातलेल्या पाण्यात बाटली ठेवून घासलेली बरी.

बाकी रीत सोपी आहे, आणि ज्यांना बाटलीवाचून इलाज नाही त्यांच्यासाठी ती इथं सांगितली पाहिजे. दूध संपलं की बाटली तशीच ठेवू नये, लगेच सुटी करावी. निपल उलटं करून घासावं, भोकातून पाणी दाबून काढावं. झाकणाच्या आट्यांत दूध हमखास राहतं, तिथं ब्रश फिरवावा. उकळताना आत हवेचा बुडबुडा राहू नये, नाहीतर तेवढा भाग कोरडाच राहतो. उकळी फुटल्यावर दहा मिनिटं. हात धुऊन किंवा उकळलेल्या चिमट्यानं बाहेर काढावी, फडक्यानं पुसू नये, लागेपर्यंत झाकण काढू नये. उरलेलं दूध पुन्हा पाजू नये. आणि भुकटी ही स्वतः निर्जंतुक नसते, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनं २००७ साली सांगितलं की ती सत्तर अंशांहून कमी गरम नसलेल्या पाण्यात कालवावी, आणि मग बाटली गार पाण्यात धरून दूध निववून पाजावं.

पण शक्य तिथं बाटली नकोच, असं आपले बालरोगतज्ज्ञ सांगतात. वरचं दूध द्यायचंच तर वाटी-चमच्यानं. वाटीला कोपरा नाही, आटे नाहीत, नळी नाही. घाण असली तर दिसते, राखेनं घासली तरी निघते, भाताच्या पातेल्यातही उकळता येते. दक्षिणेत बोंडल्यासारखंच एक भांडं असतं, पलाडई. कमी वजनाच्या नवजात बाळांना दूध पाजायला मोठ्या रुग्णालयांतही ते वापरतात. मला हे कळलं तेव्हा मजा वाटली. भांड्याला नाव तमिळ मिळालं, कारण आपलं नाव आपणच विसरलो.

देशात १९७१ साली हजारामागे १२९ बाळं वर्षाच्या आत जात होती. २०२० साली तो आकडा २८ होता, महाराष्ट्रात १६. लसी आल्या, मीठ-साखर-पाणी आलं, नळ आले, गॅस आला. एसटी स्थानकांवर हिरकणी कक्ष झाले. बाळासाठी रायगडचा कडा उतरलेल्या गवळणीचं नाव दिलंय हे बरं केलं.

तरीही दरवर्षी दिवाळीनंतर भवानीनगर, माळेगाव, सोमेश्वर या कारखान्यांच्या आसपास ऊसतोडीच्या कोपी पडतात. मराठवाड्यातून आलेल्या बाया पहाटे चारला फडात उतरतात. तान्हं मूल बांधावर, साडीच्या झोळीत. मागच्या हंगामात अशाच एका तळावर मी आशाताईंबरोबर गेलो होतो. एका कोपीत आठ-नऊ वर्षांची मुलगी धाकट्या भावाला सांभाळत बसली होती, हातात प्लास्टिकची बाटली, तळाशी सकाळचं दूध. ताईंनी तिला काही रागावलं नाही. पिशवीतून स्टीलची वाटी आणि चमचा काढला, आणि विचारलं, "बाळा, प्यायचं पाणी कुठनं आणता तुम्ही?"

मुलीनं कोपीमागच्या चारीकडे हात केला.

ताईंनी वहीत तळाचं नाव लिहिलं, पुढे 'टँकर' असा शब्द लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या, आणि मग त्या चूल पेटवायला बसल्या.